ह्यांच्या नावाने आलेला मेल

मंगळवार, ९ ऑक्टोबर

...त्या सकाळी उशांचे अभ्रे काढून भिजत घातले होते, एवढं पक्कं आठवतं. त्याआधी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घातलं होतं. ओट्याखालच्या ज्या कोपऱ्यात झाडू पोचत नाही, तिथे गुडघ्यावर बसून हाताने पुसलं होतं. दूध तापवून झाकलं होतं. मग हात कोरडे करून कॉम्प्युटर सुरू केला. आमचं यंत्र जुनं, जागं व्हायला वेळ घेतं, तोवर शेंगा निवडत बसायची माझी सवय. शेंगा निम्म्या झाल्या आणि ह्यांचा मेल आला.

हे सगळं शनिवारचं. आज मंगळवार. यंत्र बंद करून ठेवायचं असा लेकाचा हुकूम आहे, म्हणून वहीत लिहितेय. रोज कुठेतरी लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

नीट सांगायचं तर हे जाऊन आता दुसरं वर्ष लागलंय. हे छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापण्याआधीच्या पानातल्या चुका शोधून समासात खुणा करायच्या, हे काम. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर ह्यांनी घरी आणलेल्या रद्दी पानांवरून मी वाचायला शिकले, तेही ह्यांच्या नकळत, चूल पेटवायच्या आधी एकेक पान बाजूला काढून. ती पानं चुकांनी भरलेली असायची, त्यामुळे पहिली कित्येक वर्षं मला अर्धे शब्द चुकीचेच येत होते. हे कळलं तेव्हा हे इतके हसले की खुर्ची मोडायची बाकी होती.

मग घरात कॉम्प्युटर आला. ह्यांनी मलाही एक मेलचं खातं उघडून दिलं आणि रोज छापखान्यातून मला एक ओळ पाठवायला लागले. ‘मीठ संपलंय का?’ ‘आज उशीर.’ आणि त्यासोबत वाचायच्या सरावाला एखादं पान जोडलेलं. अशा जोडलेल्या पानाला आम्ही घरात टाचणी म्हणायचो, कारण मेलवर तसं चिन्ह दिसतं. नियम एकच होता. ह्यांनी तो मला दहादा बजावला होता: “टाचणी असेल तर आधी नाव बघ. माझं नाव असेल तर उघड. दुसऱ्या कुणाचंही असलं, अगदी बँकेचं असलं, तरी उघडायचं नाही.”

मी नाव बघितलं. ह्यांचं होतं.

वर विषय होता ‘आजचं पान’. खाली ह्यांनीच मला कधीकाळी लिहिलेली ओळ होती, आणि टाचणी. मी उघडली. पिवळी पट्टी आली, मजकूर दिसायला परवानगी द्या म्हणे. दिली. पान कोरं. थोडा वेळ थांबले. वाटलं, यंत्र जुनं आहे, येईल. मग आतला पंखा घरघरायला लागला, एकामागून एक चौकटी उघडायला लागल्या, आणि मी घाबरून भिंतीवरचं बटणच बंद केलं.

शेंगा तशाच राहिल्या.

बुधवार, १०

लेकाचा फोन. तो दुसऱ्या गावी असतो, आणि तिथून माझ्यावर ओरडायला त्याला कसलाच अडथळा येत नाही.

“आई, तू नेमकं काय दाबलंस?”

“टाचणी.”

“अगं, पण का? अनोळखी अटॅचमेंट उघडायची नाही हे शेंबडं पोरही सांगेल!”

“अनोळखी नव्हती.”

“बाबांच्या नावाची होती! बाबा मेल पाठवतील का? थोडा तरी विचार करायचास ना!”

मी म्हटलं, “केला होता.”  तो म्हणाला की बाबांचं खातं तेव्हाच बंद करायला हवं होतं, तो मला सांगून थकला, मी ऐकत नाही. मग मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. त्याला नेहमी माझं बोलणं सुरू व्हायच्या वेळी मीटिंग असते.

चिडचिड नुसती. सगळे मला असं बोलतात जणू मी दार उघडं टाकून चोराला चहा विचारला. जे शिकवलं होतं तेच मी केलं. तंतोतंत केलं.

दुपारी नणंदेचा फोन. तिच्यापासून गोष्ट लपवणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. ह्यांच्या नावाचा तसाच मेल तिलाही गेला होता. तिलाच काय, ह्यांच्या ओळखीतल्या सगळ्यांना गेलाय.

“वहिनी, दादाचा मेल आला हो मला! वरही नेट पोचलं म्हणायचं.”

“उघडला नाही ना?”

“छे! हयातीत कधी वाढदिवसाला दोन शब्द लिहिले नाहीत त्याने, आता बरा लिहील. मी लगेच ओळखलं, खोटा आहे.” आणि मग, हसून झाल्यावर, “तुम्ही कशा फसलात हो? तुम्ही तर एवढं वाचता.”

ह्या ‘एवढं वाचता’ला तीस वर्षं झाली. अजून बोथट होत नाही.

गुरुवार, ११

कॉम्प्युटर दुरुस्तीवाली आज येणार होती, आली नाही. दोनदा फोन केला. एकदा म्हणाली वाटेत आहे, एकदा उचललाच नाही. पडदे धुतले. धुवायची गरज नव्हती.

शुक्रवार, १२

आली. चाळिशीची असेल, बोलणं तलवारीसारखं, एका कानात सतत फोन. बाजारातल्या गल्लीत तिचं दुकान आहे. माझ्याशी बोलतेय की फोनवर, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

यंत्र सुरू करायच्या आधी तिने इंटरनेटची तार उपटली. म्हणाली, “काकू, लक्षात ठेवा. असं काही झालं की पहिलं काम हे. आग लागली की आपण सिलिंडर बंद करतो, तसं. नाहीतर तुमच्या घरातून ते शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जात राहतं.”

मग पडद्यावर बोट ठेवून विचारलं, “व्हायरस रोखायचं सॉफ्टवेअर संपून किती दिवस झाले?”

“ते संपतं?”

“रोज सांगत असेल की तुम्हाला. खाली कोपऱ्यात.”

सांगत होतं. रोज सकाळी खाली चौकट यायची, ‘आत्ता’ की ‘नंतर’. हे असताना ती चौकट ह्यांची होती, मी तिच्याकडे बघायचे नाही. हे गेल्यावर मी रोज ‘नंतर’ दाबत आले. शिवाय यंत्राचे अपडेट का काय म्हणतात ते, तेही नंतर. तिने मोजून दाखवायला सुरुवात केली तेव्हा मी म्हटलं, पुरे.

“घरातलं एकही यंत्र इतकं ‘नंतर’वर चालत नाही हो काकू,” ती म्हणाली. मला तिचा राग आला. खरं सांगत होती म्हणून आणखी आला.

सगळं पुसून नव्याने भरावं लागेल म्हणाली. मी एवढंच विचारलं, “मेल?”

“मेल यंत्रात नसतात. कंपनीकडे असतात. ते कुठे जात नाहीत.” मग तिच्या दुकानातून आणलेल्या लॅपटॉपवर आधी माझं खातं उघडायला लावलं, नवा पासवर्ड टाकून घेतला. “आता काकांचं. पासवर्ड?”

मला माहीत नव्हता. ह्यांचं खातं यंत्रात उघडंच असायचं, हे गेले तेव्हाही उघडंच होतं, मी ते कधी बंद केलं नाही. तिने घरच्या यंत्रात कुठेतरी आत जाऊन साठवलेले पासवर्ड काढले. आणि ह्यांच्या नावापुढे जे दिसलं ते बघून ती कानातल्या फोनवाल्याला म्हणाली, “ठेव, नंतर करते.”

एक दोन तीन चार पाच सहा.

अनुस्वार राहिला म्हणून पान परत पाठवणारा हा माणूस. भाजीवाल्याच्या पाटीवरची चूक खडूने दुरुस्त करून येणारा. दहादा बजावून मला ‘नाव बघ’ शिकवणारा. आणि स्वतःच्या दाराला ही कडी! चोरांना काही करावंच लागलं नाही. आले, बसले, जुने मेल वाचले, आणि ‘आजचं पान’ म्हणून मलाच उलट पाठवलं. माझी चूक नव्हती. सुरुवात तिथून होती.

इतका संताप आला की उठून स्वयंपाकघरात गेले, डबा उघडला, परत लावला.

परत आले तोवर तिने लॅपटॉपवर ह्यांची पेटी उघडली होती. तिने कानातून फोन काढून टेबलावर ठेवला होता. ह्यांच्या पेटीत वरपासून खालपर्यंत माझंच नाव. ‘आज पाणी आलं नाही.’ ‘लेकाला सर्दी.’ ‘तुमचा निळा सदरा देऊन टाकला, रागवू नका.’ रोजची एक ओळ, हे गेल्या दिवसापासून शनिवारच्या आदल्या दिवसापर्यंत. सगळ्या उघडलेल्या.

“काकू, हे उघडतं कोण?”

“मीच. न उघडलेलं ठळक दिसतं ना. बरं दिसत नाही ते.”

“बरं,” ती म्हणाली आणि खुर्ची किंचित दुसरीकडे वळवली.

मग म्हणाली की दोन रस्ते आहेत. खातं कायमचं बंद करायचं, किंवा लांबलचक नवा पासवर्ड घालून, वर माझ्या फोनवर आकडा येईल असं दुसरं कुलूप लावून ठेवायचं. “नव्या कुलपाने आतून कुणी पाठवू शकणार नाही. पण पत्ते चोरून झालेत. बाहेरून कुणीही काकांचं नाव लावून पाठवू शकतं. लोकांनी नाव बघून उघडणं सोडलं पाहिजे.”

मी म्हटलं, “ठेवायचं.”

“ठेवा मग.”

पासवर्ड मी ठरवला. लांब आहे. इथे लिहिणार नाही, तिने दम दिलाय.

रविवार, १४

नणंद आली. सोबत तिच्या सुनेने केलेला केक, आणि सल्ले. बसल्या बसल्या म्हणाली, “दादा असता तर हे झालं असतं का हो वहिनी? तो किती काटेकोर!”

लेकही फोनवर होता, स्पीकरवर. म्हणाला, “तेच तर, आत्या. बाबांनी आईला इतकं समजावलं होतं.”

माझ्या जिभेवर होतं. सहा आकडे. तेवढे म्हटले असते तर दोघंही गप्प झाली असती. वर्षानुवर्षांची वसुली एका दमात.

“हो,” मी म्हटलं. “माझ्याच हातून झालं. मीच उघडलं.”

नणंदेला इतक्या सहज जिंकायची सवय नाही. ती जरा गोंधळली आणि केक कापायला लागली. मी का बोलले नाही मला ठाऊक नाही. तिला अजून तोंड द्यायला नको, एवढंच असेल.

संध्याकाळी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाला तेच: आलं असेल तर उघडू नका, उघडलं असेल तर इंटरनेट काढा, ओळखीतल्या यंत्रवाल्याला बोलवा. कुणी हसलं, कुणी दुखवट्याच्या आवाजात बोललं जणू हे पुन्हा गेले. छापखानेवाल्या भाऊजींनी तेवढा फोन उचलला नाही. ते ह्यांचे भागीदार नव्हेत, मालक. पण दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना जन्मभर बसले.

सोमवार, १५

भाऊजींनी आजही उचलला नाही. त्यांच्या छापखान्यातल्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, “इथे सगळं बंद आहे. त्या मेलने मालकांची सगळी कामं कुलूपबंद झाली. शाळेची पुस्तकं तयार होती, एक पान उघडत नाही. आता विचारू नका, ते फार तापलेत.”

नव्या झालेल्या यंत्रावर बसले. ह्यांना ओळ लिहायला घेतली. काही सुचलं नाही.

शनिवार, २०

मध्ये लिहिलं नाही. आता एकदमच लिहिते.

बुधवारी छापखान्यात गेले. यंत्रं थांबलेली असली की तो हॉल किती मोठा वाटतो! एरवी तिथे आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. दोन बायका टेबलावर छापील जुनी पानं ठेवून शाळेचं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून टाइप करत होत्या. त्यातली एक मला बघून दुसरीला पुटपुटली, “गेलेला माणूस बंद पाडून गेला बाई.” ती लाजली, मी ऐकलं म्हणून. मी न ऐकल्यासारखं केलं.

भाऊजी त्याच टेबलाशी बसले होते. समोरची खुर्ची मोकळी. तिच्यावर कुणी फाइली ठेवलेल्या नव्हत्या.

“या वहिनी. बसा. त्या खुर्चीवर नको, ही घ्या.”

मी माफी मागायला सुरुवात केली. लेकाला आणि नणंदेला सांगितलं तेच, की माझ्या हातून झालं, आमच्या यंत्रातून गेलं. ते मध्येच म्हणाले, “वहिनी, खोटं नका बोलू. तुमचा स्वभाव नाही तो. माझा यंत्रवाला सांगून गेलाय की मेल त्याच्याच खात्यातून निघाला. त्याचा पासवर्ड मला माहीत होता. मीच हसायचो त्याला. तो म्हणायचा, आपल्यात चोरण्यासारखं आहे काय?”

मी त्यांनी दाखवलेल्या खुर्चीवर बसले.

“तुमच्यावर राग नाही,” ते म्हणाले. “स्वतःवर आहे. मी ह्या धंद्यात आयुष्य काढलंय. आमच्याकडे रोज दहा फसवे मेल येतात, मी पोरींना ओरडतो, उघडू नका म्हणून. पाटी लावलीय बघा भिंतीवर.” खरंच लावली होती, मोठ्या अक्षरात. “आणि मीच उघडला. सकाळी पहिला मीच.”

“नाव बघून?”

“मी वेडा नाही वहिनी. तो गेला हे मला माहीत आहे. त्याला उचलून नेणाऱ्यांत पुढे मी होतो.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला. “मला वाटलं, त्याने जाण्याआधी काहीतरी पाठवलं असेल. आणि ते कुठे अडकलं असेल, आणि आता पोचलं असेल. असं होत नाही. मला माहीत आहे होत नाही. तरी वाटलं.”

हॉलमध्ये नुसता टाइप केल्याचा आवाज. 

“पान कोरं आलं ना?” मी विचारलं.

“कोरं.” त्यांनी चष्मा पुन्हा लावला. “मी थांबलो. वाटलं, उघडायला वेळ लागत असेल. तसा थांबलो ना वहिनी, तेवढ्यात आत सगळी कुलपं लागली. लगेच तार काढली असती तर निम्मं वाचलं असतं म्हणे.”

मला खूप राग आला. त्यांच्यावर नाही. ज्याने कुणी तो मेल केला, त्याच्यावर. त्याला ह्यांचं नाव माहीत होतं, आमचं ‘आजचं पान’ माहीत होतं. आम्ही थांबून राहू हेही त्याला माहीत असणार.

मी म्हटलं, “भाऊजी, आता नवं कुलूप घातलंय. दोन कुलपं. आतून आता काही येणार नाही. तरी ह्यांच्या नावाने पुन्हा काही आलं, तर आधी मला फोन करायचा. टाचणी असो नसो. उघडायचं नाही. कबूल?”

त्यांनी मान हलवली, पण होकाराची नव्हे. “वहिनी, तुम्हाला खोटं का सांगू? तो पत्ता चालू आहे हे मला माहीत असेल, आणि त्याचं नाव दिसलं, तर मी पुन्हा उघडीन. पाटीखाली बसून उघडीन.”

“मग पोरींनी पुन्हा पहिल्यापासून टाइप करायचं?”

 टाइप करणाऱ्या त्या दोघींनी वर बघितलं.

बाहेर पडेपर्यंत मी खूप बोलले त्यांना. मोठ्या माणसाला बोलू नये इतकं. बायकापोरं पोटाला आहेत लोकांची, शाळेची मुलं पुस्तकाविना बसलीत, आणि तुम्ही म्हणता पुन्हा उघडीन. ते ऐकून घेत होते. घरी पोचले, चप्पल काढली, तरी मनात बोलतच होते. आणि मग लक्षात आलं, मी त्यांना एकदाही म्हटलं नव्हतं की मी उघडणार नाही.

लेकाला फोन केला. पहिल्यांदाच त्याला मीटिंग नव्हती. मी म्हटलं, ओळखीच्या सगळ्यांना पाठवायला मजकूर सांग. त्याने लांबलचक काहीतरी सांगितलं, ‘कळविण्यात येते की’ वगैरे. मी ते घेतलं नाही. माझं मीच लिहिलं: ‘ह्यांचं मेलचं खातं उद्यापासून नाही. त्यांच्या नावाने काहीही आलं तर ते त्यांचं नाही. त्यांच्याकडून आता काही यायचं राहिलेलं नाही. उघडू नका.’ तीनदा तपासलं. अनुस्वार सगळे जागेवर होते. भाऊजींना पहिला पाठवला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवालीला बोलावलं. ती शेजारी बसली, फोन पिशवीत ठेवून. पेटीतलं काही काढून ठेवायचं का, तिने विचारलं. ह्यांनी मला पाठवलेलं माझ्या पेटीत आहेच, ते मी वेगळ्या डिस्कवर घेऊन ठेवायला सांगितलं. मी ह्यांना पाठवलेलं राहू दे म्हटलं, जाऊ दे त्यांच्याबरोबर. पडद्यावर विचारलं, नक्की? खाली ‘रद्द करा’ आणि ‘बंद करा’. ती म्हणाली, “मी दाबू का काकू?” मी नको म्हटलं, हात पदराला कोरडे केले, आणि मीच ते खातं बंद केलं.